चन्नप्पाची चाल

आमच्या मिलच्या मशीन खात्यात चन्नप्पासारखा उपद्व्यापी पोरगा दुसरा झाला नाही. पगाराचा हिशेब करायला मिलनं एका परदेशी कंपनीचा कॉम्प्युटर भाड्यानं आणला, तर ह्या बहाद्दराला त्यात गाणं सापडलं. त्या मशीनवर ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला की आतल्या कामाची खरखर त्यात ऐकू येई. कोणत्या आकडेमोडीला कोणता सूर निघतो ते त्यानं शोधून काढलं आणि कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहिला. वाजलं काय, तर आईची अंगाई! नागम्मानं स्वतःच रचलेली, कानडी, दुसऱ्या कुणालाही न येणारी. खात्याचा प्रमुख म्हणून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग दार लावून ती पुन्हा वाजवायला सांगितली.

गेल्या वर्षी कावीळ होऊन चन्नप्पा गेला. एकुलता एक.

तेव्हापासून नागम्मा दर सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन मधल्या सुट्टीत मिलमध्ये यायची. मी त्याची कार्डं मशीनला लावायचो. ती स्टुलावर बसून ऐकायची, डोळे पुसायची आणि माझ्या कपाळाला विभूती लावून घरी जायची.

मग ती परदेशी कंपनी गाशा गुंडाळून देशातून गेली आणि तिचं मशीनही गेलं. दुसऱ्या कंपनीचं नवं आलं. "ह्याचा वेग बघा," साहेब म्हणाले. वेगाचं काय लोणचं घालायचंय? जुन्याचा एकही प्रोग्राम नव्याला कळेना. सगळे नव्या मशीनच्या भाषेत पुन्हा लिहावे लागले. पगाराचा झाल्यावर मी चन्नप्पाचा घेतला. त्याच्या एकेका ओळीला नव्या भाषेत ओळ शोधली. नागम्माला निरोप धाडला, "अव्वा, सोमवारी या." आधी लावून बघितला नाही. पहिल्यांदा तिनंच ऐकावं असं मला वाटलं.

ती आली. मी ट्रान्झिस्टर ठेवून बटण दाबलं. प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालला, एकही चूक न दाखवता. ट्रान्झिस्टरमधून मात्र नुसती खरखर आली. सूर प्रोग्राममध्ये नव्हतेच, ते त्या जुन्या मशीनच्या चालण्यात होते, आणि ते मशीन आता कुठल्या कुठे गेलं होतं. हे हिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"काय झालं रं?" तिनं विचारलं.

"अव्वा, ह्या मशीनला ते येत नाही."

"येत न्हाय मंजी? शिकवलंय का कुनी त्याला? चन्नूला तरी पोटातनं कुटं येत हुतं? मी म्हनायची, मग त्याला आलं. त्यानं त्या जुन्याला शिकवलं."

ती उठली. पदर नीट घेतला, मशीनच्या गार पत्र्यावर हात ठेवला आणि गायला लागली. एकेक ओळ म्हणून थांबायची, मंद पोराला शिकवताना थांबतात तशी. डबा खाणारे ऑपरेटर दारात येऊन उभे राहिले. मला रडू आवरेना, आणि तिला थांबवताही येईना.

"आता लाव की," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. तिनं ट्रान्झिस्टरला कान लावला आणि शेवटपर्यंत ती खरखर ऐकली.

"लई घाईत म्हनलं का मी?"

मी हो म्हणालो. ती पुन्हा पहिल्यापासून गायला लागली.