तो हा नव्हे

विजयमाला मोहिते यांच्या मनगटावर चाकू फिरवून दोघांनी त्यांच्या पाटल्या ओढून नेल्या, त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या रोज सकाळी फिरायला जात. एके दिवशी पुलाच्या अलीकडे मोटारसायकल आडवी आली आणि मागे बसलेला खाली उतरला. तो डावखुरा होता, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. एवढं त्यांनी हातभर अंतरावरून स्वच्छ पाहिलं. मग झटापटीत चष्मा पडला आणि त्याच्याच बुटाखाली फुटला.

आठव्या दिवशी पोलिसांनी बोलावलं. बाकावर एक तरुण बसवला होता. जमादाराने विचारलं, हाच ना? नवा चष्मा अजून आला नव्हता. बाई म्हणाल्या, बांधा तसाच वाटतो, पण चेहरा मला नीट दिसत नाही. जमादाराने मान डोलावली, काहीबाही लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. हाताला टाके होते, दुखत होतं, घरी जायची घाई होती. त्यांनी सही केली.

त्यानंतर कोणी काही कळवलं नाही. दोनदा जाऊन विचारलं तर तपास चालू आहे म्हणाले. आणि मग एकदम कोर्टाचं समन्स आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलाने त्यांना त्यांचाच जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, फिर्यादीने आरोपीस पाहताक्षणी ओळखले. बाईंना आधी वाटलं, भलतीच फाइल आणली असावी. पण खाली सही त्यांचीच होती.

वकील समजुतीच्या स्वरात म्हणाला, आता त्याची काळजी नको, आरोपी आज गुन्हा कबूल करतोय. जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा देऊन साहेब सोडून देतील, तुम्हाला साक्षसुद्धा द्यावी लागणार नाही.

"तो आहे कुठे? मला बघू द्या," बाई म्हणाल्या.

दाराशी हवालदाराजवळ विपुल पढियार उभा होता. सव्वीस-सत्तावीसचा, छाणीच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करणारा. दोन वर्षांपूर्वीच जामीन मंजूर झाला होता, पण घरजागा असलेला जामीनदार मिळाला नाही म्हणून तो आतच राहिला होता. त्याच्या वकिलाने दिलेल्या कबुलीच्या अर्जावर तो उजव्या हाताने सही करत होता. बाई पुढे गेल्या. त्याने घाबरून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दात सरळ, एका ओळीत.

"तो हा नव्हे," बाई म्हणाल्या.

सरकारी वकील वैतागला. "बेन, त्याला स्वतःला कबूल आहे. मग तुमचं काय जातं?"

एवढ्यात विपुलची बायको हंसा धावत आली. तिने बाईंचे पाय धरले. म्हणाली, आज काही बोलू नका. तारखा पडून पडून आम्ही थकलो. गुन्हा केला नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण कबूल केला तर आज संध्याकाळी ते घरी येतील.

बाई बाकावर जाऊन बसल्या. त्यांचे कान तापले होते. ज्याने काही केलं नाही त्याने सुटण्यासाठी केलं म्हणायचं, आणि जिला लुटलं तिने गप्प बसून ते ऐकायचं. उद्या छाणीत कुठे कुलूप तुटलं तरी पोलीस आधी याच्याच दारात जातील. आणि त्याला ओळखणारी म्हणून कागदावर नाव विजयमाला मोहिते यांचं राहील.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी विपुलला विचारलं, कोणाच्या दबावाखाली कबूल करत नाहीस ना? तो म्हणाला, नाही साहेब. लेखनिकाची बोटं चालू झाली आणि विजयमालाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या हातावर ज्याने चाकू फिरवला तो हा माणूस नव्हे. त्या जबाबात लिहिलंय ते मी कधीच बोलले नाही."

सरकारी वकिलाने त्यांना खाली बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. न्यायाधीशांनी विपुलला पुन्हा विचारलं, लूट तू केलीस का? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मला घरी जायचंय."

कबुली नामंजूर झाली. साक्षीसाठी पुढच्या महिन्याची तारीख पडली आणि हवालदार विपुलला पुन्हा गाडीकडे घेऊन गेला.

जिन्यात हंसाने बाईंना गाठलं. आता ती रडत नव्हती. "मावशी, खरं तुम्ही बोललात," ती म्हणाली, "आणि जेलमध्ये कोण गेलं?"

बाई जिना उतरून रिक्षात बसल्या. घरी येईपर्यंत त्यांचा राग पोलिसांवरून वकिलावर, वकिलावरून स्वतःवर आला होता. न वाचता सही कोणी केली होती? त्यांनी कपाट उघडून घराचे कागद काढले आणि नवऱ्यासमोर, श्रीपतरावांसमोर ठेवले.

"अहो, त्या मुलाला जामीन राहा."

श्रीपतरावांनी कागद उलटून पाहिले. "ज्याच्यावर आपण फिर्याद केली त्यालाच?"

"मी कोणावर केली नव्हती. त्याचं नाव त्यांनी घातलं."

श्रीपतराव तसे भिडस्त, कचेऱ्यांना टाळणारे. पण दुसऱ्या दिवशी ते गेले. जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत नऊ दिवस हेलपाटे झाले. कोर्टात कारकुनाने दोनदा विचारलं, फिर्यादीचे पती तुम्हीच? तुम्हाला काय करताय ते कळतंय ना? श्रीपतरावांनी दोन्ही वेळा फक्त हो म्हटलं. दहाव्या दिवशी विपुल बाहेर आला.

खटला आणखी चार महिने चालला. सरकारी वकिलाने आपल्याच साक्षीदाराची, म्हणजे बाईंची, उलटतपासणी घेतली. आरोपीकडून काय मिळालं, असंही विचारलं. बाईंनी प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर दिलं. जबाब लिहिणाऱ्या जमादाराला मात्र साक्षीत काही आठवत नव्हतं. शेवटी विपुल सुटला, पण संशयाचा फायदा देऊन. निकालपत्रात फिर्यादीला होस्टाइल म्हटलं होतं.

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"फितूर," श्रीपतराव हळूच म्हणाले.

बाईंनी निकालपत्राची घडी घातली.

बाहेर विपुल आणि हंसा उभे होते. त्याने आभार मानले नाहीत, आणि बाईंची तशी अपेक्षाही नव्हती. वर्कशॉपच्या मालकाने त्याच्या लेथवर दुसरा माणूस ठेवला होता. त्याने विचारलं, "मावशी, तो खरा समोर आला तर ओळखाल?"

"केव्हाही."

"मग त्याला कोण शोधतंय?"

बाई तिथून घरी गेल्याच नाहीत. रिक्षा करून त्या थेट पोलिसांकडे गेल्या. बाकावर बसून त्यांनी त्या डावखुऱ्या माणसाचं वर्णन लिहिलं, न बोललेलं वाक्य जबाबात कोणी घातलं याची चौकशी मागितली आणि खाली सही करण्यापूर्वी सगळं दोनदा वाचलं. टेबलामागच्या नव्या जमादाराने अर्ज न वाचताच परत सरकवला.

"बेन, त्या केसचा निकाल लागला."

"त्याचा लागला," बाई म्हणाल्या. "माझा नाही. अर्ज मिळाल्याचा शिक्का मारा."

तो दुसऱ्या कामाला लागला. बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या. तासाभराने त्याने शिक्का उचलला.