सुंदर खळगा

“काय सुंदर खळगा आलाय बघा,” केंद्रप्रमुख पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. “परिषदेत पहिली हीच आकृती.”

निरीक्षक बाईंनी पाहिलं. दूरच्या प्रक्षेपकाकडून येणारी अतिनिम्न वारंवारतेची रेडिओलहर पडद्यावर एरवी सरळ रेषेत चाले. वीज कडाडली, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन तिच्या धक्क्याने सुटून वरच्या हवेत झिरपत आणि क्षणभराने रेषा खचे. मग हळूहळू सावरे. असे खळगे टिपण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. इतका स्वच्छ एकही मिळाला नव्हता.

“सर, ही त्या दुपारची वीज आहे. माळीकाकांवर पडली ती.”

“माहीत आहे की. म्हणून तर जागा नेमकी कळली. एरवी वीज कुठे पडली ते शोधताना नाकी नऊ येतात.”

बाईंना ती दुपार आठवली. आभाळ भरून आलं असताना “पाहुणे येणार आहेत, गवत आजच उरका,” असं यांनीच काकांना बजावलं होतं. काका विळा उचलून अँटेनाखाली गेले होते.

“ही आकृती मी मांडणार नाही.”

“रेषेत माणूस दिसतोय का कुणाला? उगाच राईचा पर्वत करू नका.” त्यांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडात टाकलं, बोटं चोखली आणि तीच बोटं पुन्हा खळग्यावरून फिरवली. काचेवर ओला ओघळ उमटला.

परिषदेत त्यांनीच ती मांडली. टाळ्या पडल्या. बाई शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“तुमच्याच केंद्राची ना?” शेजारच्याने हात पुढे केला. “नशीबवान आहात.”

तो हात त्यांना हातात घ्यावासा वाटला नाही.

परतल्यावर काकू आल्या, काकांचे कपडे न्यायला. पिशवी काखेत धरून दारातच उभ्या राहिल्या.

“ताई, ते पडले ती जागा दाखवता का? साहेब म्हणतात, तिकडे जायला बंदी आहे.”

बाईंनी फाटकाची किल्ली उचलली. प्रमुखांनी खिडकीतून हटकलं. त्या थांबल्या नाहीत.

अँटेनाखाली गवत एका ओळीपर्यंतच कापलेलं होतं. पलीकडे ते गुडघाभर माजलं होतं. अलीकडची बाजू अजून बुटकी होती. काकू त्या ओळीपाशी उकिडव्या बसल्या.

“हाताला सफाई होती त्यांच्या,” त्या म्हणाल्या, आणि बुटक्या गवतावरून तळहात फिरवत राहिल्या.