नूकुरखालची तालीम

“थांब, स्टेइनी. छाती फुटेल तुझी,” घसरगाडीत पट्ट्यांनी बांधलेली हाल्फ्रीदुर म्हणाली.

स्टेइनथोर थांबला, पण खांद्यावरचा दोर त्याने सोडला नाही. लंगडी मेंढरं डोंगरावरून उतरवायची ही गाडी आज प्रथमच माणूस घेऊन वर निघाली होती. मेंढरांचा गोठा नुकता मागे पडला होता. खडा चढ पुढेच होता.

“मेंढी ओढताना एवढ्या धापा टाकत नाहीस.”

“मेंढी बडबडत नाही.”

अर्धांगाने त्याच्या बायकोची डावी बाजू नेली होती, जीभ मात्र शाबूत ठेवली होती.

डोक्यावर ढगांत नूकुर होता. पूर्ण नाव क्वानादाल्सनूकुर, देशातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या लोकांना नूकुर एवढंच पुरायचं. शिखर म्हणजे एका ज्वालामुखीच्या तोंडाचा काठ, आणि ते तोंड बर्फाने भरलेलं. खाली आग पेटली तर लाव्हा नंतर. आधी वितळलेलं पाणी येणार, घराएवढे हिमखंड घेऊन, अर्ध्या तासाच्या आत. रस्त्याने पळायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून फोनवर इशारा आला की घरामागच्या चढाने वर जायचं, असं बचाव पथकाने ठरवलं होतं. आज त्याची तालीम होती.

पुन्हा पाय घसरला तेव्हा स्टेइनथोर गवतात बसला. खालून ब्रिंदीस चढून आली. ती पथकाची प्रमुख, दोन लहान पोरांची आई. तो पथकात होता तेव्हा तिला पहिल्यांदा नूकुरवर त्यानेच नेलं होतं.

“बरेच वर आलात की.”

“गोठ्याच्या छपराएवढे,” हाल्फ्रीदुर म्हणाली. “छपरावरच बसायला हवं होतं.”

ब्रिंदीस हसली नाही. “वृद्धाश्रमाचं काय झालं?”

“माझ्या आधी नंबर असलेली माणसं मरायलाच तयार नाहीत.”

“मग मी येणार. इशारा आला की आधी तुमच्याकडे. दोघं मिळून ओढू.”

“तुझं घर नदीपलीकडे आहे,” स्टेइनथोर म्हणाला. “पाणी त्याच नदीने येणार.”

“माहीत आहे. दुपारी पुन्हा तालीम घेऊ. वर पोचणार असाल तरच निघताना दाराला ‘घर रिकामं’चा पिवळा फलक लावा. फलक दिसला की मी पुढच्या घरी जाते. नसला, तर आत येणारच.”

घरी आल्यावर त्याने हॅडॉक मासा आणि बटाटे उकडायला ठेवले. हाल्फ्रीदुर खिडकीतून चढाकडे पाहत होती.

“वर कातळाला कप्पी अडकवली तर? हिमभेगेत पडलेल्यांना काढायचास तशी?”

“ओझं हलकं होईल. पण दोर तेवढाच जास्त ओढावा लागेल. निम्म्या वाटेत पाणी गाठेल.”

“पण ब्रिंदीसला पटेल.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“तिच्या पोरांना आई हवी, स्टेइनी. फलक लाव जा.”

“आणि मी?”

“तू जा म्हटलं तर जाशील?”

बाहेर जाऊन त्याने फलक लावला आणि आत येऊन पडदे ओढले. दुपारच्या तालमीचा इशारा देत दोन्ही फोन एकदम किंचाळले. थोड्या वेळाने फाटकापाशी ब्रिंदीसची जीप थांबली. त्याचा फोन वाजला.

“फलक दिसतोय. चढावर कुणीच नाही. आहात कुठे?”

“वळणापलीकडे. कप्पी लावली.”

“खरंच? हाल्फ्रीदुरला दे.”

हाल्फ्रीदुरने उजव्या हाताने फोन घेतला. “हा माझी टोपी विसरलाय आणि इथे वारा कान कापतोय. तुझी चौकशी संपली असेल तर खाली येऊ का?”

पलीकडून हसू ऐकू आलं. “या, या. सुटले मी. आता पाण्यात गाडी घालावी लागणार नाही.”

“नको घालूस,” हाल्फ्रीदुर म्हणाली.

पडद्याच्या फटीतून स्टेइनथोर पाहत होता. जीप जरा वेळ तिथेच उभी राहिली, मग निघाली.

“गेली?”

“गेली.”

त्याचा हात दिव्याकडे गेला.

“राहू दे. पलीकडच्या वळणावरून खिडकी दिसते.”

तो ताट घेऊन तिच्याजवळ बसला. मासा गार झाला होता. अंधुक उजेडात बोटांनी चाचपून त्याने काटा न् काटा काढला आणि पहिला घास तिच्या तोंडात, चांगल्या बाजूला ठेवला.