वय वाढत गेलेला समुद्र

मी एक जुना कॅनव्हास आहे. मित्रांनो, केजच्या एका अरुंद गल्लीत, उत्तरेश्वर पेंटरच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या अंगावर समुद्र आहे. आमच्याकडून समुद्र इतका लांब, की खोलीत येणारी निम्मी माणसं मला आधी तलावच समजतात.

उत्तरेश्वर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मला मात्र त्यानं स्वतःसाठी घेतलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी तो कोकणात होड्यांवर नावं रंगवायला गेला होता. धाकटा भाऊ अजिनाथ हट्टानं सोबत गेला. सतरा वर्षांचा, विहिरीत पोहणं शिकलेला पोरगा. ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरला आणि लाटांनी त्याला आत ओढून नेलं. कोळ्यांनी पुष्कळ शोधलं. तो सापडला नाही.

उत्तरेश्वरनं माझ्यावर तोच किनारा काढला. ओली वाळू, सकाळचं ऊन, पालथी घातलेली होडी आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हसत उभा असलेला अजिनाथ.

दिवाळीला त्यांची आई भिवराबाई गावाहून जीपनं आली. माझ्यासमोर बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "समुद्रानं माघारी दिला न्हाई, म्हंजी हाय लेकरू कुठंतरी. आता मिसरूड फुटलं असंल त्याला."

ती गेल्यावर उत्तरेश्वरनं ब्रश उचलला आणि अजिनाथला मिसरूड काढलं.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. दर दिवाळीआधी अजिनाथ एका वर्षानं मोठा व्हायचा. त्याचे खांदे रुंद झाले, दाढी आली, कानशिलापाशी केस पिकले. किनाऱ्यावरचं ऊनही हळूहळू उतरत संध्याकाळकडे गेलं. भिवराबाई यायची, माझ्यासमोर बसायची. "जेवतो का न्हाई कोण जाणे," म्हणायची. माझ्यावरची नजर न काढता उत्तरेश्वर उत्तर द्यायचा, "जेवतो, आई."

बघणारे म्हणत, "लई जिवंत काढलंय!" मला अभिमान वाटे. पण रंगावर रंग चढून माझं अंग जड झालं होतं, आणि तो पहिला हसरा चेहरा खाली कुठंतरी गाडला गेला होता.

एके दिवशी उत्तरेश्वरच्या बायकोनं, मंजुषानं, सहज विचारलं, "आई म्हणत्यात, आपल्या पोरीच्या गालावरची खळी भावजींचीच हाय. त्यांच्या कोणत्या गालाला पडायची हो?" ती लग्न होऊन आली तेव्हा अजिनाथ नव्हता.

उत्तरेश्वर बोलायला गेला आणि थांबला. त्याला आठवेना.

मग रंग खरवडायची सुरी घेऊन तो माझ्यापुढं बसला. आधी पांढरे केस निघाले, मग दाढी, मग मिसरूड. त्याला सतरा वर्षांचा भाऊ हवा होता. पण सगळी वयं एकमेकांत मुरली होती. खरवडता खरवडता सुरी आरपार गेली. अजिनाथच्या चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. माझ्यावर कपाळ टेकून तो हुंदके देत राहिला.

त्या दिवाळीला भिवराबाई आली. तिनं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आई, मला त्याचं तोंड आठवंना झालंय."

"आसू दे. त्यो गेलाय, लेकरा. मला पयल्यापासनं ठाव हाय."

"मग मिसरूड फुटलं असंल म्हणालीस ते?"

"आईचं मन, बोलून गेले. मागनं बघितलं, तुझा हात चालाया लागला, तू जेवाया लागला. मग म्या ती आस कशाला मोडू?"

"मग दरसाली कशापायी येत व्हतीस?"

"तुला बघाया."

उत्तरेश्वरनं मान खाली घातली.

पुढच्या उन्हाळ्यात भिवराबाई गेली. दहाव्यानंतर उत्तरेश्वरनं नवा कागद चौकटीला लावला. आईचा चेहरा काढायला बसला. कपाळ काढलं, पदराची कड काढली आणि तिथंच अडला. डोळे कसे होते, ते त्याला काढता येईना. इतकी वर्षं ती माझ्यासमोर येऊन बसायची आणि तो माझ्याकडे बघत असायचा.

मित्रांनो, मी गेलेल्या माणसाला राखून ठेवतो, असं मला वाटायचं. माझ्याच्यानं ते झालं नाही. माझं फाटलेलं अंग आता कुणी सांधलं नाही तरी चालेल. तुमच्या घरी आज कुणी जेवायला बसलं असेल, कुणी दारातून हाक मारत असेल, त्यांच्याकडे मात्र मान वर करून नीट बघा.