टबातला प्रसाद

हर्षदचा राग साऱ्या दिवेआगरला ठाऊक होता, पण त्याचा मार ठाऊक होता तो एकट्या रचनाला, त्याच्या बायकोला. मागच्या वर्षी एका पाहुण्याच्या ताटात केस निघाला, तेव्हा त्याने तापलेला कालथा तिच्या दंडावर टेकवला होता. डाग अजून तसाच होता. त्यावर पदर ओढून ती पाहुण्यांना हसतमुखाने आणखी एक मोदक वाढायची.

माणूस मुळातच काळ्या मनाचा होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. वादळात सुपारीची अख्खी वाडी त्याच्या डोळ्यांदेखत आडवी झाली. तेव्हापासून समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या एवढाच त्याला आधार. त्या खोल्यांची फरशी तो स्वतः ओणवा होऊन पुसायचा. वाळूचा कण दिसला तरी त्याच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. आणि अशा माणसाच्या मागच्या पडवीत त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने, विनेशने, झुरळं पाळली होती!

मोरीतली झुरळं नव्हेत हो. डुबिया म्हणतात त्यांना. बंगलेवाल्यांच्या काचेच्या टाक्यांतले मोठे मासे आणि पाळलेले परदेशी सरडे यांचं ते खाद्य. पडवीत चार मोठे प्लास्टिकचे टब होते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, त्यांच्या फटींतून सळसळणारी ही प्रजा. वर पिवळा बल्ब, झाकणाला जाळी. गुळगुळीत भिंतीवर त्यांचे पाय टिकत नाहीत, तरी विनेशने वरच्या काठाला आतून व्हॅसलिनचा रुंद पट्टा दिलेला.

"एक जरी पुढच्या अंगाला दिसलं ना," हर्षदने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तर टबांवर आधण ओतीन. आणि ज्याच्या हातून सुटलं, त्याची हाडं ढिली करीन. मग तो भाऊ असो न्हायतर कोण." रचनाकडे बोट करून तो म्हणाला, "आणि तू तिकडं फिरकायचं न्हाय. ज्या हातानं पाहुण्यांचं जेवण, त्या हातानं झुरळं न्हाईत."

पण गावात सप्ताह लागला आणि विनेशची पंचाईत झाली. तो मृदंग वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, त्याने मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, कणीक लावून नुसती थाप मारून बघितली तरी टाळकऱ्यांच्या माना डोलायला लागत. काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत त्याचं बूड मंडपातून हलेना.

"वहिनी, तुला जमंल," तो हळूच म्हणाला. "गाजर, कोंडा आणि वर चिमूटभर जवळ्याचा कूट. ओलं ठेवायचं न्हाय, गोड घालायचं न्हाय. एवढंच."

"आणि तुमच्या दादांनी बघितलं तर?"

"दादा पडवीत येतो होय? त्याला नुसता वास आला तरी दोनदा आंघोळ करतो!"

रचना हसली. आणि खरं सांगायचं तर ते काम तिला आवडायला लागलं. तांबूस मादी ट्रेच्या फटीत बसलेली, तिच्या पोटाखाली साबुदाण्यासारखी पिल्लं. एवढ्याशा जिवालाही माया असते, हे बघून तिचा जीव हलायचा.

चूक झाली ती भक्तीपोटी. सप्ताहात घरात मासळी ठेवायची नाही, हा गावाचा रिवाज. म्हणून तिने जवळ्याचा डबा उचलून शेजारच्या केसरच्या गोठ्यात नेऊन ठेवला. दोन-तीन दिवसांतच टबात नरांचे पंख कुरतडलेले दिसू लागले. अंगाला लागेल असं खाणं तुटलं, तशी ती एकमेकांना खात सुटली होती. एकाचं पोट फाडून दुसरा आत तोंड घालून बसला होता. रचनाला ते बघवेना. त्याच संध्याकाळी मंडपात कीर्तनकार बुवांनी अन्नदानाचं आख्यान लावलं, इतकं गोड की बायकांचे पदर ओले झाले. घरी आली तर पातेल्यात प्रसादाचा शिरा उरलेला. प्रसाद टाकायचा तरी कसा? मुंगीलाही देवाचा घास पोचतो, मग यांनी काय पाप केलंय? तिने चारही टबांत मूठमूठ शिरा घातला. तिसऱ्या टबाची मूठ तेवढी शेवटी राहिली होती, एवढ्यात पुढून हर्षदची हाक आली. घाईत तिने ती भिरकावली, ती टबाच्या आतल्या भिंतीवर बसली आणि व्हॅसलिनवरून काठापर्यंत फासली गेली; झाकणही सैलच राहिलं. विनेशचा 'गोड न्हाय' तिला आठवला नाही असं नाही. पण साखर वेगळी आणि प्रसाद वेगळा, असं तिच्या मनाने धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याची मंडळी जेवायला बसली होती. रचना वरण वाढत होती. एवढ्यात एक बाई किंचाळून पाटावर उभी राहिली. तिच्या ताटात, मोदकाच्या शेजारी, अंगठ्याएवढं डुबिया आणि त्याच्या पायांना लटकलेल्या तांबड्या मुंग्या.

रचना पळी टाकून पडवीत धावली. भिंतीवरून मुंग्यांचा दोरखंड उतरला होता, तो जाळीतून थेट टबांत. तुपाच्या वासाने आल्या आणि शिऱ्यावर थांबल्या नाहीत. नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ झुरळं त्या जिवंत फाडत होत्या. एका मादीला दहा-बाराजणी ओढत होत्या, तिचे पाय एकेक करून तुटत होते आणि पोटाखालची पिल्लं उचलून नेली जात होती. तिसऱ्या टबात वाळलेल्या शिऱ्याची शिडी झाली होती. तिच्यावरून जीव वाचवायला धडपडणारी झुंबड काठावर येत होती, सैल झाकणाखालून फरशीवर पडत होती.

विनेश तेवढ्यात मागच्या दाराने जेवायला आला. त्याने टब बघितला, भिंतीवरचा शिरा बघितला, मग वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. पुढून हर्षदची पावलं वाजली. विनेशने एका झटक्यात तो शिरा मुंग्यांसकट नखांनी खरवडून काढला आणि उजव्या मुठीत घट्ट धरला.

हर्षद आला तो चुलीवरचं भाताच्या आधणाचं पातेलं फडक्यात धरूनच. पहिल्या टबावर त्याने उकळतं पाणी ओतलं. आतून तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला आणि बंद झाला. मग दुसरा टब. तो होईपर्यंत पातेलं अर्धं झालं. ते टबांपुढे खाली ठेवून त्याने कोपऱ्यातला झावळीचा वाळका देठ उचलला.

"कुणाच्या हातून?"

"माझ्या," विनेश म्हणाला. "झाकण राहिलं सैल."

देठ त्याच्या पाठीवर असा बसला की सदरा फाटला. दुसरा मानेवर. विनेश गुडघ्यावर आला.

"खोटं बोलतोस! चार दिवस तू घरात हाईस कुठं? मुठीत काय हाय? उघड मूठ!"

विनेशने मूठ पोटाशी धरली. आत मुंग्या त्याचा तळवा फोडत होत्या. बोटांच्या फटींतून एकेक बाहेर येत होती, मनगटावर चढत होती. हर्षदने त्याचा हात फरशीवर ओढला आणि त्या मिटल्या मुठीवर देठ हाणला. हाड मोडल्याचा आवाज रचनाने ऐकला. विनेशच्या तोंडातून लाळ गळली, पण मूठ मिटलेलीच राहिली.

रचना दाराला चिकटून उभी होती. तोंड उघडलं तर आज आपलं मढं निघणार, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि न उघडलं तर हा हात पुन्हा मृदंगावर पडणार नाही, हेही. देठ पुन्हा वर गेला.

"त्या मुठीत शिरा हाय," ती म्हणाली. "मी घातलेला. चार दिवस झुरळांचं मीच बघते."

हर्षद वळला. "ज्या हातानं माणसांना वाढतेस..."

"त्याच हातानं."

देठ तिच्या खांद्यावर आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती पडली नाही. दुसरा घाव कानावर बसला, रक्ताची ऊन धार गळ्यात उतरली. ती सरकत मागे गेली आणि चौथ्या टबाच्या झाकणावर बसली. तिथे मुंग्या अजून पुरत्या शिरल्या नव्हत्या.

"ऊठ तिथनं!"

"न्हाय उठत. ओता माझ्यावर."

"ओतीन! मला काय भीती हाय?"

"मला होती," रचना म्हणाली. "आता न्हाय."

हर्षदने देठ फेकला आणि पातेलं उचलायला वाकला. सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं: रचनाने बसल्या जागेवरून टाच मारली. पातेलं उलटलं आणि कढत पाणी हर्षदच्या दोन्ही पावलांवर गेलं. तो असा ओरडला की अंगणातले कावळे उडाले. फरशीवर बसला आणि पाय धरायला गेला, तर कातडी हातात आली.

दारात पुण्याची मंडळी थिजून उभी होती. रचनाने त्यातल्या गाडीवाल्याला हाक मारली. "दादा, भाऊजींना श्रीवर्धनच्या दवाखान्यात पोचवाल काय? हात मोडलाय." मग ती विनेशजवळ बसली. "भाऊजी, उघडा आता. सांगितलं मी सगळं."

मूठ उघडता उघडेना. तिने एकेक बोट सोडवलं. तळव्यात रक्त, तूप आणि मेलेल्या मुंग्या. विनेश लहान पोरासारखा रडायला लागला. "वहिनी, कशाला बोललीस गं?"

"तुम्ही कशाला गप राहिलात?"

गाडीवाल्याने विनेशला धरून उठवलं. मग हर्षदकडे बघून तो अवघडला. "आणि हे?"

"त्यांनाही न्या," रचना म्हणाली. "पुढच्या सीटवर बसवा. भावाशेजारी नको."

हर्षद कण्हत तिच्याकडे बघत होता. "रचना, तू चल ना संगतीनं."

"मी न्हाय येत."

"मी परत आल्यावर..." तो म्हणाला आणि अडला. धमकी द्यायची होती की विनवणी करायची होती, त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"परत आल्यावर केसरच्या घरी उतरा," रचना म्हणाली. "तिचा नवरा हाय, दीर हायत. त्यांच्यासमोर काय बोलायचं ते बोला. या दारात एकट्यानं यायचं न्हाय आता."

गाडी गेली. उरलेल्या पाहुण्या बायांतली एक पुढे झाली आणि तिने रचनाच्या कानाला ओला टॉवेल लावला. रचनाने तो एका हाताने दाबून धरला. दुसऱ्या हाताने तिने चार वाट्यांत पाणी भरलं, त्यांत विटांचे तुकडे ठेवले आणि चौथा टब त्या बाईच्या मदतीने विटांवर चढवला, म्हणजे मुंग्यांना वाट उरणार नाही. मग तिने तिसऱ्या टबाचं झाकण काढलं आणि आतला ट्रे हलकेच उचलून उजेडाकडे धरला.

"अहो, काय करताय हे?" ती बाई म्हणाली. "बसा आधी. रक्त थांबत नाहीये."

"बसते," रचना म्हणाली. "जिवंत हायत तेवढी वेगळी काढते, मग बसते."