कापसाच्या खोलीतला बर्फ

साहेबानं रजा नाकारली, मनालीचं बुकिंग रद्द झालं आणि प्रेमानंदची दोन्ही पोरं रुसून बसली. मितू सात वर्षांची, सुजात नऊचा. त्यांना साहेबाशी काय घेणं? त्यांना बर्फ हवा होता. लाल हातमोजे, कानटोप्या, सगळी खरेदीही झाली होती. शेवटी नाताळच्या सुट्टीत प्रेमानंदनं त्यांना पुण्याहून गाडीत घातलं आणि मलकापूरजवळच्या आपल्या गावी आणलं. रस्ताभर एकच पालुपद, "अरे, बर्फ काय घेऊन बसलात! माझ्या गावी घरात बर्फ असतो. गळ्याइतका. आणि गरम!"

तसं खोटं नव्हतं. भाव वाढेल म्हणून मोठ्या बहिणीनं, धम्मशीलानं, यंदाचा कापूस मागच्या खोलीत कोंबून ठेवला होता. नवरा गेल्यापासून माहेरची शेती तीच बघायची. तिनं दार उघडलं आणि पोरं बघतच राहिली. जमिनीपासून पार आढ्याजवळपर्यंत नुसतं पांढरं.

प्रेमानंदच्या नाकात सरकीचा तो तेलकट, उबट वास शिरला आणि चाळिशीतला माणूस तिथल्या तिथं आठ वर्षांचा झाला. आढ्याला लोंबकळायचं, हात सोडायचे आणि धप्पकन छातीपर्यंत आत. पायाखाली जमीन नाही, कानात आवाज नाही. बोंडांची वाळकी टरफलं पोटऱ्या ओरबाडायची, नाकातोंडात तंतू जायचे, रात्रभर अंग खाजायचं. पण तसं मऊ पडणं त्याला पुढं कुठंच मिळालं नाही. नोकरीत नाही, फ्लॅटमध्ये नाही, हप्त्यावरच्या गाडीत तर नाहीच. कापूस दाबून बसावा म्हणून पोरांना आत सोडणारी माय, सिंधूताई, बाहेरून ओरडायची, "तुडवा म्हटलं होतं मेल्यांनो, लोळा नाही!" की पोरं अजून लोळायची.

"ताई, सोड ना त्यायले आत."

"नाही."

"काऊन?"

"पैशाची नड होती म्हणून परवा एक टेम्पो भरला. मजुरायनं सारा कापूस खालून खालून ओढला. खालतून पोकळ आहे, वरतून नुसता लोंबून राह्यला. आधी वरचा पाडतो मी, मंग खेळू दे."

"आपण नव्हतो का खेळत? मेलं का कोणी?"

धम्मशीलानं बादली उचलली. "पुण्याले जाऊन लई शहाणा झाला बे तू. मी म्हशीले पाणी पाजून येतो. तोपर्यंत दार लावून ठेव."

माणसाला लहानपण आठवतं ना, तेव्हा सोयीचं तेवढंच आठवतं. उरलेलं कुणीतरी दुसऱ्यानं उचललेलं असतं. प्रेमानंदनं दार लावलं नाही. उलट मोबाइल काढला. पुण्यात राहिलेल्या पोरांच्या आईला व्हिडिओ पाठवायचा होता.

सुजात वर चढला. मितूला उड्या नको होत्या. खाली मजुरांनी केलेली पोकळी तिला आयतीच सापडली. "बाबा, हे बघा, माझं बर्फाचं घर!" म्हणत ती रांगत आत शिरली. लाल हातमोजा हलवून दाखवला. प्रेमानंद म्हणाला, "वा! अजून थोडी आत जा." त्याच वेळी वरून सुजातनं उडी मारली.

भिंत पडली तर आवाज होतो. कापूस पडला तर होत नाही. मोबाइलमध्ये आत्ता लाल दिसत होतं तिथं पांढरं दिसायला लागलं, एवढंच झालं.

आधी तो हसला. लपली असेल. "मितू, ये बाहेर." मग हाका. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून धम्मशीला हातातली बादली टाकून धावत आली. तोवर तो ढिगावर चढायला लागला होता. तिनं त्याची कॉलर धरून त्याला खाली खेचलं.

"वर पाय नको देऊ! पोरीच्या छातीवर उभा राह्यशील, गाढवा! सुजात, तिथंच थांब, हालू नको. कुठं होती ती?"

"इथं… इथंच…"

"नीट सांग!"

"दाराच्या उजव्या हाताला. खाली."

ती गुडघ्यावर बसली आणि बाजूनं कवेत भरभरून कापूस मागं टाकायला लागली. तोही तिच्या शेजारी बसला. जितका ओढावा तितका वरून खाली येत होता. ती एका खांद्यानं वरचा भार अडवायची आणि दुसऱ्या हातानं उपसायची. शेवटी हातमोजा लागला. मग मनगट. पोर बाहेर आली ती ओठ निळे पडलेली. धम्मशीलानं बोट घालून तिच्या तोंडातला कापसाचा बोळा काढला, पालथी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. मितू खोकली. आणि मग असं भोकाड पसरलं की गल्ली गोळा झाली.

मग धम्मशीलानं भावाच्या पाठीत सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. "मेलं का कोणी, म्हणत होता!"

"ताई, आपण खेळायचो तेव्हा…"

"आपण कोण? तू खेळायचा. मी दारात उभी राह्यचो. माय मले उभी करायची. एकेकाचं नाव घ्याचं, जो ओ देत नाही त्याले पायाले धरून वढायचा. तुले दोनदा वढला मी. आहे का ध्यानात?"

नव्हतं. त्याच्या ध्यानात होती ती फक्त एक किरकिर. दारातून कुणीतरी सारखं 'प्रेम्याऽ, ओ दे!' करायचं आणि आतली पोरं म्हणायची, लागली भुंकायला. ती किरकिर त्या वेळी दहा वर्षांची होती. तिलाही कापसात उडी मारावीशी वाटत असेल, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीलानं दाताळ्यानं वरचा लोंबता कापूस ओढून पाडला. अंगणात ताडपत्रीवर कमरेइतका ढीग केला. मितू आधी लांबूनच बघत राहिली, मग भावानं चिडवलं तशी गेली. प्रेमानंद ढिगापाशी उभा. मोबाइल घरात.

बऱ्याच वेळानं तो मोठ्या मनानं म्हणाला, "ताई, तू पण जा. आज मी उभा आहो."

ती मागं दारात होती. हसली. "आता? हिवाळाभर हाच वेचतो, प्रेम्या. बोटं फाटली माह्यी. आता त्यात उडी मारून काय करू? तेव्हा एखाद्या दिवशी म्हणाला असता, तर मारली असती."

मग तिचा आवाज आला नाही. आत गेली, तिथंच उभी आहे, की पदर डोळ्याला लावला, हे बघायला त्याला वळायचं होतं. पण मितू कमरेपर्यंत कापसात होती. त्याला वळता येईना.