किशनरावांची निरपराध मिशी

नऊ महिन्यांची गोदा कुणाकडंही जायची. शेजारच्या धुरपताबाईंच्या कडेवर बसायची, दारात आलेल्या बोहारणीकडं झेपावायची, गोठ्यातल्या वासराच्या ओल्या नाकालासुद्धा गाल लावायची. एका आजोबांचं तेवढं तिला वावडं. म्हणजे मांडीवर बसायची, फेटा ओढायची, खिशातली तंबाखूची चंची उचकायची. पण किशनरावांनी लाडानं तोंड पुढं केलं, "दे गं माय, आजाला एक पापी दे," म्हटलं की बया मान अशी गर्रकन फिरवायची, जसा काही कुणी काढ्याचा पेला दाखवला.

पहिल्यांदा किशनराव हसले. मग सून हसली. पुढं पुढं कुणीच हसेना. पेडगावात ज्या माणसाचा शब्द खाली पडत नव्हता, त्याला एक बिनदाताची पोर रोज चारचौघांत नापास करत होती. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता, कापूस बरा आला होता, मुलगा पंडित परभणीला कचेरीत चिकटला होता. किशनरावांना देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं. ही एक पापी तेवढी राहिली होती.

सून पंचफुला डोक्यानं तल्लख. सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती, म्हणून जे सांगायचं ते ती गोदेच्या तोंडून सांगायची.

"गोदा म्हणतीय, आजोबांनी आधी धुऊन यावं."

किशनराव न्हाणीत जाऊन हातपाय धुवायचे, गुडघ्यापर्यंत खसाखसा, आणि परत येऊन तोंड पुढं करायचे. पंचफुला पदराआड ओठ चावायची.

स्वतःच्या तोंडाचं स्वतःला कळत नाही, तीच तर गंमत. मागं कधीतरी राखुंडीनं दात घासताना बोटाला लाल लागायला लागलं, तेव्हा किशनरावांनी घासणंच सोडून दिलं. रगत यायलंय तिथं कशाला हात लावा. वरून तंबाखूचा बार धरला की हिरड्या बधिर, दुखणं गायब. भाकरी ते कालवणात कुस्करून खायला लागले होते, ते वयामुळं. खालचे पुढचे दोन दात जिभेनं ढकलले की हलायचे, तो रिकाम्या वेळचा चाळा. आणि बायको सुमनबाई त्यांच्याशी बोलताना पदर नाकावर धरायची, ती तिची खानदानी मर्यादा. या मर्यादेचं ते भावकीत मोठ्या तोऱ्यानं सांगायचे. "नातवंड झालं, पण आजून नवऱ्यापुढं पदर नाकाखाली आला न्हाई."

असं सगळं ठाकठीक असताना पोर तोंड का फिरवते? किशनरावांनी बायकोला विचारलं.

"टोचत आसंल तिला काहीतरी," सुमनबाई पदराआडून म्हणाली.

झालं. गुन्हेगार सापडला. किशनरावांची मिशी होतीच तशी, दोन्ही टोकांना पीळ देऊन कानाकडं निघालेली, पावसात भिजली तरी न वाकणारी. पण बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नसतो. मिशी उतरते ती बापाच्या मागंच. आणि किशनरावांचे वडील आश्रुबा झरीला धाकट्या लेकाकडं राहत होते, नव्वदीच्या घरात, काठी टेकत शेताच्या बांधापर्यंत जाणारे.

किशनराव रोज मिशीवरून हात फिरवायचे आणि नातीकडं बघायचे. शेवटी नात जड झाली.

गावातल्या न्हाव्यानं हजार प्रश्न विचारले असते, म्हणून ते मानवतच्या बाजारात गेले. लिंबाखाली दोन न्हावी बसले होते. एकापुढं कुणीतरी तोंडभर साबण लावून डोळे मिटून बसलेलं. किशनराव दुसऱ्यापुढं बसले.

"मिशी," ते म्हणाले.

न्हाव्यानं त्या मिशीकडं पाहिलं, मग फेट्याकडं. आवाज खाली आणला. "वडील का?"

आता परक्या माणसाला काय सांगायचं, नातीच्या पापीसाठी म्हणून? किशनराव खाकरले. "हूं."

"लय वाईट झालं. वय काय?"

"नव्वदीला आले हायेत."

"होते म्हणायचं, दादा," न्हावी समजुतीनं म्हणाला आणि वस्तरा परजला. "पयल्या पयल्यानं जिभंला सवय नसती."

मिशी मांडीवरच्या फडक्यात पडली. किशनरावांनी आरशात पाहिलं. तिथं कुणीतरी दुसराच माणूस बसला होता, वरचा ओठ सोललेल्या वांग्यासारखा. त्यांनी फेटा खाली ओढला आणि थोडं अंधारून येईपर्यंत बाजारातच घुटमळायचं ठरवलं.

शेजारचा साबणवाला मात्र घुटमळला नाही. ते पेडगावचेच दिनकरराव होते, भावकीतले. दुःखात असलेल्या माणसाला भर बाजारात हाक मारू नये एवढी समज त्यांना होती. त्यांनी अर्धीच दाढी उरकली आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं.

त्यामुळं किशनराव घरी पोचले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. सुमनबाई भिंतीला टेकून हुंदके देत होती. धुरपताबाई झाकलेली दुरडी घेऊन उभ्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे देतात ती कडू भाकरी तिच्यात होती.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि रडण्याचा सूर वर गेला. दिनकररावांनी पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डोक्यावर परिणाम झालाय," ते मागं वळून हलकेच म्हणाले.

"आरं पण गेलं कोण?"

"आबा," सुमनबाईनं हंबरडा फोडला.

किशनराव मटकन खाली बसले. त्यांनाही खरंच वाटलं की आबा गेले आणि हा निरोप झरीहून आला. डोळे भरले. मग त्यांनी विचारलं, "कवा कळलं?" आणि दिनकरराव म्हणाले, "तुमीच तर सांगितलं न्हाव्याला."

धुरपताबाईंनी दुरडी खाली ठेवली.

"मंजी आबा हायेत?"

"हायेत."

"मग मिशी?"

किशनरावांनी ओठ झाकला. "वस्तरा लागला चुकून."

"दोनी बाजूंनी?" धुरपताबाई म्हणाल्या.

ज्यासाठी एवढं केलं ते तरी पदरात पडू दे, म्हणून त्यांनी तिथंच सुनेच्या कडेवरून गोदेला उचललं. सगळी ओसरी बघत होती. किशनरावांनी गुळगुळीत ओठ पुढं केला. गोदेनं नव्या चेहऱ्याकडं नवलानं पाहिलं, ओठावर बोट फिरवलं, हसली. ते जवळ गेले.

मान गर्रकन.

"गोदा म्हणतीय," पंचफुला हळूच म्हणाली, "आजून बी टोचतंय काहीतरी."

आता राहिला झरीचा प्रश्न. धाकट्या भावाला कळवायला दिनकररावांनी एक माणूस कधीच धाडून दिला होता. तो झरीला पोचला तेव्हा आश्रुबा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. ज्याच्या मरणाचा सांगावा आणला तोच विचारत होता, "कसं येणं केलं?" त्या बिचाऱ्यानं पाणी मागितलं, प्याला, आणि खरं ते सांगून टाकलं.

"कवा गेलो मी?" आश्रुबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते स्वतःच पेडगावात उतरले. फाट्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांतल्या दोघांनी रस्ता बदलला. काठी टेकत ते दारात आले आणि म्हणाले, "दहाव्याला बोलवायचं ध्यानात राहील न राहील, म्हून आलो."

किशनराव खांबामागं उभे होते. पन्नाशीचा माणूस, पण बापासमोर पोरच.

"इकडं ये. थोबाड बघू."

आश्रुबांनी लेकाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. किशनराव अपराध्यासारखे म्हणाले, "आबा, चुकलं माझं..."

आणि आश्रुबांनी मान फिरवली. गर्रकन. नाकाला तीच घडी, डोळे तसेच मिटलेले. किशनरावांनी बापाकडं पाहिलं, मग सुनेच्या कडेवरच्या गोदेकडं. एकाच साच्यातून काढलेली दोन तोंडं. आजूबाजूला बघितलं तर पंचफुलाला छताची आढी मोजायची घाई झाली होती आणि सुमनबाई पदर नाकावर घट्ट धरून अंगणातली कोंबडी हाकत होती, जी तिथं नव्हतीच.

"तोंड हाय का गाळ न काढलेली बारव?" आश्रुबा म्हणाले. "दात घासायलास का न्हाई?"

"रगत येतंय. म्हून सोडलंय."

"हलायलेत?"

"दोन. जरासे."

आश्रुबांनी आपलं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता, नुसता गुलाबी गुळगुळीत मळा. "ह्ये बघ. मला बी असंच रगत यायचं. मी बी असाच श्याना. तुझी माय म्हणायची, वास यायलाय, तर मी तिलाच दटवायचो. मग एक हलला, दुसरा हलला. एकेक करून बांधावर पुरले म्या. एक बी उगवला न्हाई."

हे चाललं असताना गोदा पंचफुलाच्या कडेवरून ओणवी झाली, पणजोबांच्या पांढऱ्याशुभ्र मिशीला दोन्ही मुठींनी लोंबकळली आणि आश्रुबांच्या गालावर ओलं तोंड टेकवून तिनं भरभक्कम पापी घेतली.

मिशीसकट.

किशनराव ओट्यावर बसून राहिले. आपल्या उघड्या ओठावरून त्यांनी हात फिरवला. एवढं वैभव गेलं, आणि गुन्हा तिचा नव्हताच.

पंडितनं परभणीतल्या दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, पण त्यांचं घरचं गणगोत सगळं शेतीतलं असावं. त्यांनी आरसा धरून दाखवलं. दातांच्या मुळाशी पिवळटकाळा थर, दगडासारखा बसलेला. हिरड्या जांभळट, फुगलेल्या, दाबलं की कडेनं पू.

"दात तुमचे कसदार आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण झाडाच्या बुडाशी माती राहिली नाही तर झाड हलणारच. हे कीटण साचलं, त्यानं हिरडी सुजली, सुजली म्हणून रक्त आलं. आणि तुम्ही काय केलंत?"

"घासणं सोडलं."

"म्हणजे तण माजलं म्हणून खुरपणी सोडली."

किशनरावांना दुसरं काही नाही, पण हे नीट समजलं. मनातून ते थोडे ओशाळले. असा शेतकरी त्यांनी स्वतःच्या बांधावर उभासुद्धा केला नसता.

डॉक्टरांनी बारीक आकड्यांनी कीटण खरवडायला घेतलं. कानात करकर, डोळ्यांत पाणी, चिनी मातीच्या बशीत खडे. किशनरावांनी त्यातला एक उचलून उजेडात धरला. "माझाच दात काढला का तुमी?"

"हा दात नाही. हा तुमच्या थुंकीनं बांधलेला धोंडा. इतके दिवस तुम्ही त्यालाच दात समजत होतात."

दोनतीन खेपा झाल्या. खालच्या दोन हलत्या दातांतला एक डॉक्टरांनी काढला, त्याच्याखाली हाडच उरलं नव्हतं. दुसरा राहील म्हणाले, जपलात तर. गेलेलं हाड परत येत नाही, आहे ते राखायचं. मऊ ब्रश, रोज सकाळ-रात्र. आधी चार दिवस जास्त रक्त येईल, भ्यायचं नाही. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा. तंबाखू बंद.

शेवटच्या वाक्याला किशनराव खिडकीबाहेर बघायला लागले.

पण घरात पंचफुला होती. सकाळी ते उठायच्या आत न्हाणीच्या कट्ट्यावर मिठाच्या पाण्याचा तांब्या तयार. चंची खुंटीला दिसेना. शोधली तर गोदेच्या हातात सापडली, आतली तंबाखू झटकून चार चिंचोके भरलेली. खुळखुळा म्हणून.

"गोदा म्हणतीय, ही आता तिची."

"गोदा लय बोलाय लागलीय," किशनराव म्हणाले.

"आजोबांवर गेलीय."

पहिले काही दिवस त्यांना तोंड पोरकं वाटलं. दातांच्या फटींतून वारं फिरायचं, गार पाणी झिणझिण्या आणायचं, तंबाखूवाचून हात खिशाकडं जायचे आणि रिकामे परतायचे. चुळीत लाल दिसलं की ब्रश टाकून द्यावासा वाटायचा. मग त्यांना बापाचा तो गुलाबी मळा आठवायचा आणि ते परत घासायला लागायचे. हळूहळू लाल कमी झालं, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. एक दिवस त्यांनी भाकरीचा कडक पापुद्रा कुस्करून न घेता कडाडून चावला, आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

पापीचं मात्र त्यांनी विचारलं नाही. घाबरत होते, खरं सांगायचं तर. ओठावर मिशी पुन्हा उगवत होती, काळी-पांढरी, मूळच्यापेक्षा टोचरी.

एका दुपारी पंचफुला कापूस वेचायला गेली होती. गोदा चिडचिडी झाली होती, तिचे दात येत होते. हिरड्या सुजलेल्या, लाळ गळायची, दिसेल ते चावायची. किशनरावांनी बोट धुतलं, चांगलं दोनदा धुतलं, आणि डॉक्टरनं हिरड्या चोळायला शिकवलं होतं तसं तिच्या हिरडीवरून हलकंहलकं फिरवलं. पोर शांत झाली. मग तिनं त्यांच्या तोंडात बोट घातलं, गेलेल्या दाताच्या खाचेत फिरवून पाहिलं, आपल्यासारखंच काहीतरी सापडल्यागत हसली. ती जवळ आली. किशनरावांनी श्वास धरला.

गोदेनं खुंटासारख्या मिशीवर तोंड टेकवलं, आणि मग नाकाच्या शेंड्याला नव्या कोऱ्या दोन दातांनी असा चावा घेतला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं," ते आतल्या खोलीकडं ओरडले, "घेतली. मिशीवर घेतली."

सुमनबाई सुपात ज्वारी निवडत बाहेर आली आणि त्यांच्या अगदी शेजारी टेकली. किशनराव सांगत होते, पहिल्यापासून, दोनदा. सांगता सांगता त्यांचं लक्ष गेलं. सुमनबाईचं नाक दिसत होतं. पदर खांद्यावर होता.

"पदर?" ते म्हणाले. "आन् तुजी ती मर्यादा?"

सुमनबाईनं सुपातला एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

"ती व्हय," ती म्हणाली. "ती परभणीच्या डॉक्टरनं खरडून काढली."

भावकीत कुठंकुठं काय काय सांगितलं होतं ते सगळं किशनरावांना एकदम आठवलं असावं. मग गोदेला त्यांनी सुमनबाईच्या मांडीवर दिलं, उठले, आणि चुळेची वेळ नसताना भर दुपारी न्हाणीत जाऊन मिठाच्या पाण्यानं आणखी एकदा चूळ भरून आले.